काठ एक, ग्रामपंचायती अनेक

मे महिन्यात पवना जलाशयाचं पाणी बरंच खाली गेलेलं असतं. ऑगस्टमध्ये जिथं पाणी टेकतं तिथं तडकलेला गाळ असतो, गुरांच्या खुरांचे ठसे असतात आणि अधूनमधून तंबूच्या खुंट्या. अशाच दिवसांत एखादा कॅम्पवाला सपाट जागा बघून संडासासाठी शोषखड्डा खणून घेतो. जागा कोरडी असते, पाणी बरंच लांब दिसतं, त्यामुळे आपण काही वावगं करतोय असं त्याला वाटत नाही. पावसाळा लागतो, धरण भरत येतं आणि तो खड्डा पाण्याखाली जातो. त्यातलं सगळं जलाशयात मिसळतं. हेच पाणी पुढे धरणातून पवना नदीत सोडलं जातं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि शुद्धीकरण होऊन पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं.

तो खड्डा थांबवायचा कुणी? धरणासाठी संपादित केलेली जमीन जलसंपदा विभागाची. बांधकामाची परवानगी पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हातात. जमीन अकृषिक करायची तर महसूल खातं, वरचा डोंगर वनखात्याचा, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाचा, सांडपाण्याचं बघायचं प्रदूषण नियंत्रण मंडळानं. या सगळ्यांच्या मध्ये ठाकूरसाई, आपटी, गेव्हंडे, फांगणे, तुंग, चावसर, मोरवे, अजिवली अशी मावळातली गावं काठाला लागून बसलेली. प्रत्येकाकडे काठाचा एकेक तुकडा आहे, सबंध काठ कुणाच्याच कागदावर नाही.

यातून एक खेळ सुरू होतो, तो काठावरच्या कुठल्याही सरपंचाला माहीत असतो. एका ग्रामपंचायतीनं ना हरकत दाखला नाकारला की तोच माणूस, तोच नकाशा घेऊन शेजारच्या गावात जातो. शेजारच्या सरपंचाला वाटतं, आपण नाही म्हटलं तर तिसऱ्या गावात जाईल, घरपट्टीही जाईल आणि पोरांचं कामही. मग तो हो म्हणतो. पुढच्या वेळी पहिलं गावही हो म्हणतं. अटी एकेक करून गळत जातात आणि शेवटी सगळ्यात ढिल्या ग्रामपंचायतीचा नियम हाच अख्ख्या जलाशयाचा नियम होऊन बसतो. म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की काठावरच्या गावांनी सगळ्यात आधी एकमेकांशी बोली करायची. मोठा आराखडा, सल्लागार, रंगीत नकाशे नंतर बघता येतील. कुणीच ज्याच्या खाली जाणार नाही असे चार-पाच नियम ठरवायचे आणि ते प्रत्येक ग्रामसभेत शब्द न शब्द सारखे मंजूर करून घ्यायचे.

उदाहरण पवनेचं घेतलं आहे, पण भंडारदऱ्याच्या शेंडी-मुरशेत-रतनवाडीला, कोयनेच्या शिवसागरावरच्या तापोळा-बामणोलीला, पानशेतला हे बहुतांशी जसंच्या तसं लागू पडेल. मुळशीत धरण टाटांचं असल्यामुळे पत्रव्यवहाराचा पत्ता बदलेल, गावांनी आपसात करायचं काम तेच राहील.

पहिल्या बैठकीला कोण हवं

पहिली चूक निमंत्रणातच होते. बैठक सरपंचांची होते, फार तर खातेदारांची. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो येत नाही. पण जलाशयाशी रोजचा संबंध कुणाचा असतो? ठाकर आणि कातकरी वस्त्यांवरच्या बायकांचा, मासे धरणाऱ्यांचा, गुरं पाण्यावर नेणाऱ्या पोरांचा. काठावर कुंपण पडलं की सर्वात आधी यांची वाट बंद होते आणि तक्रार करायला यांच्याकडे गट नंबरही नसतो. म्हणून प्रत्येक गावातून सरपंच, एक महिला सदस्य किंवा बचत गटाची प्रतिनिधी, आणि वस्तीवरचा एक माणूस असे किमान तिघं बोलवा. कॅम्प चालवणाऱ्या मुलांना बाहेर ठेवू नका. नियम त्यांच्यावर पडणार आहेत आणि पर्यटक कुठं काय टाकतात हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मच्छीमार सहकारी संस्थेचा एक जण हवाच. बैठक दर वेळी वेगळ्या गावात घ्या, एकाच गावाच्या समाजमंदिरात वर्षभर बसलात तर बाकीच्यांना ती त्या गावाची बैठक वाटू लागते.

दुसरी गोष्ट नाजूक आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. पवनेच्या काठावर पाण्याचा विषय काढला की पुनर्वसनाचा विषय निघणारच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला धरण झालं आणि विस्थापितांच्या पर्यायी जमिनीचा प्रश्न पन्नास वर्षांवर रेंगाळला. धरणाचं पाणी थेट पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद जलवाहिनीच्या विरोधातल्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात तीन शेतकरी गेले. ही माणसं बैठकीला येतात तेव्हा हे सगळं सोबत घेऊनच येतात. ‘आज तो विषय नको, आज फक्त नियोजनाचं बोलू’ असं म्हणालात तर बैठक तिथंच संपली म्हणून समजा. आधी ऐकून घ्या. विस्थापितांच्या मागण्यांवर सर्व गावांचा एक स्वतंत्र ठराव पहिल्याच बैठकीत करा आणि तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. काठाचे नियम त्यानंतर. ज्यांची जमीन या पाण्याखाली गेली त्यांना वगळून केलेला कुठलाही नियम टिकणार नाही आणि तो टिकूही नये.

समितीला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांनी मिळून संयुक्त समिती नेमण्याची तरतूद आहे. गटविकास अधिकाऱ्यांशी बोलून त्याखाली समिती करा. ते जमेपर्यंत थांबून राहू नका. साध्या पत्रानं, सह्या-शिक्क्यांनिशी केलेली समन्वय समितीही चालते, कारण खरी ताकद प्रत्येक ग्रामसभेच्या ठरावात असते.

काठ म्हणजे नेमका कुठला

नैसर्गिक तळ्याचा काठ बऱ्यापैकी जागेवर असतो. धरणाच्या जलाशयाचा काठ वर्षभर फिरतो. ऑक्टोबरला जागा बघायला आलेला माणूस आणि मे महिन्यात आलेला माणूस दोन वेगळे काठ बघून जातात आणि दोघंही ‘पाण्यापासून इतक्या अंतरावर’ असंच लिहून देतात. या एका वाक्यावरून जितके वाद होतात तितके बाकी कशावरूनही होत नाहीत. म्हणून ‘पाण्यापासून’ हा शब्दच नियमातून काढून टाका. अंतर मोजायचं ते पूर्ण संचय पातळीपासून. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथं टेकतं ती ही पातळी. तिचा आकडा जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात मीटरमध्ये मिळतो. लेखी अर्ज करून घ्या.

त्याच अर्जात संपादित जमिनीची हद्दही मागा. ही हद्द पुष्कळ ठिकाणी पूर्ण संचय पातळीच्या वर असते, म्हणजे कोरडी दिसणारी पण सरकारची असलेली जमीन मध्ये राहते. अतिक्रमणं बहुधा याच पट्ट्यात होतात, कारण जागा सर्वांत देखणी आणि मालक सर्वांत लांबचा. हद्दीचे दगड कुठं उपटलेले असतात, कुठं झुडपांत गेलेले असतात.

यावर एक स्वस्तातला आणि खात्रीचा उपाय आहे. धरण भरल्याच्या आठवड्यात प्रत्येक गावातल्या चार-पाच जणांनी आपल्या हद्दीतला काठ चालून काढायचा. हातात मोबाइल, त्यात जीपीएसची नोंद घेणारं एखादं ॲप, आणि चुन्याची पिशवी. ठरावीक अंतरानं जीपीएसची जागा नोंदवायची, फोटो काढायचा, शक्य तिथं खडकावर चुन्याची खूण करायची. हद्दीवर शेजारच्या गावाची माणसं भेटतील, तिथली खूण दोघांनी मिळून करायची. वर्षानुवर्षं पडून असलेले दोन गावांचे शीवेचे वादही अशा वेळी समोर येतात. ते तिथं सोडवायला बसू नका, फक्त ‘वादातला पट्टा’ म्हणून नोंद करून पुढे चला. नंतर या खुणा महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरच्या गट नंबरांशी ताडून बघा. मग कुठल्या गटाचा किती भाग काठात येतो याची यादी हातात पडते. एका भिंतीवर मावेल असा एकच नकाशा तयार करा, त्यावर सगळी गावं. प्रत्येक ग्रामपंचायतीत त्याचीच प्रत लागली पाहिजे.

नकाशावर ओढे न चुकता काढा. जलाशयात माती आणि घाण येण्याची मोठी वाट काठावरून कमी आणि ओढ्यांतून जास्त असते. लोहगड-विसापूर, तुंग, तिकोना यांच्या उतारांवर पडलेला पाऊस काही तासांत खाली येतो. वर कुणी बंगल्याच्या प्लॉटसाठी डोंगर कापून भराव टाकला असेल तर तो मुरूम ओढ्यातून थेट जलाशयात उतरतो. काठापासून दूर आहे म्हणून त्या कामाला कुणी हरकत घेत नाही. मातीसोबत फॉस्फरस येतो आणि गोड्या पाण्यात शेवाळ माजवणारं मुख्य खाद्य तेच. खाली शहरात पवना नदीवर दरवर्षी जलपर्णीचा गालिचा पसरतो, त्याला शहराचं सांडपाणी कारण आहे. पण तशी वेळ वरच्या जलाशयावर येऊ द्यायची नसेल तर ओढ्यांचे काठ नियमात धरावेच लागतील.

कुणीही ज्याच्या खाली जायचं नाही

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हजारो तळी आहेत आणि एकेका तळ्याभोवती अनेक स्थानिक कारभार. तिथं १९६६ पासून राज्यानं काठासाठी किमान नियम घालून दिले. पाण्याच्या रेषेपासून ७५ फूट आत बांधकाम नाही आणि त्यातला पाण्यालगतचा ३५ फुटांचा पट्टा झाडाझुडपांचा. आपल्या उतारांसाठी आणि आपल्या पावसासाठी मला हे अंतर अपुरं वाटतं. चर्चा सुरू करायला पूर्ण संचय पातळीपासून सपाट जागी ३० मीटर आणि तीव्र उतारावर त्याच्या दुप्पट असा प्रस्ताव ठेवा. गावांनी बसून आकडा कमी-जास्त करावा, पण शेवटी सगळ्यांचा आकडा एकच असू द्या. कायद्यानं किंवा पीएमआरडीएच्या नियमांनी जास्त अंतर सांगितलं असेल तर ते पाळायचंच. गावाचा ठराव कायद्यात भर घालू शकतो, त्यातून सूट देऊ शकत नाही. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचनेतल्या यादीत आपलं गाव आहे का, तेही याच वेळी बघून घ्या.

ठरावाची भाषा साधी असावी. नमुना म्हणून हा घ्या, आपल्या गरजेप्रमाणे बदला:

‘मौजे ____ येथील ग्रामसभा ठराव करते की, पवना जलाशयाच्या पूर्ण संचय पातळीपासून ____ मीटरच्या आत कोणतेही पक्के बांधकाम, भराव, संरक्षक भिंत, शोषखड्डा अथवा सेप्टिक टाकी यांस ग्रामपंचायत ना हरकत दाखला देणार नाही. काठाकडे जाणाऱ्या पाणंदी, पाणवठे, घाट व मासेमारीच्या जागा सर्वांसाठी खुल्या राहतील. काठालगतच्या प्रत्येक अर्जाची प्रत सात दिवसांत समन्वय समितीतील सर्व ग्रामपंचायतींना पाठवली जाईल व समितीचे म्हणणे आल्याशिवाय दाखल्यावर निर्णय होणार नाही. हाच ठराव जलाशयाच्या काठावरील सर्व ग्रामपंचायतींनी मंजूर केला असून त्यात बदल करावयाचा झाल्यास तो सर्व ग्रामसभांच्या संमतीने केला जाईल.’

शेवटची दोन वाक्यं सर्वांत महत्त्वाची आहेत. त्यांच्यामुळे सरपंचाला बळ येतं. वरून फोन आला, ओळखीचा माणूस घरी येऊन बसला, तर त्याला सांगता येतं, ‘दादा, माझ्या एकट्याच्या हातात राहिलेलं नाही. कागद सगळ्या गावांना जातो.’

ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, हे अर्जदारालाही लेखी कळवा. तसंच नमुना ८ ला नोंद झाली, घरपट्टी आकारली, म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. पुष्कळ माणसं याच गैरसमजावर पैसे घालतात आणि नंतर ग्रामपंचायतीला दोष देतात.

संडास, टाकी आणि गाडी

काठावरच्या विकासाचा अर्धा प्रश्न मैल्याचा आहे. त्यावर बोलायला लोक लाजतात आणि सौंदर्यीकरणावर तासभर बोलतात. सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. घट्ट मैला टाकीत खाली बसतो, पण जंतू आणि विरघळलेली द्रव्यं पाण्यासोबत शोषखड्ड्यात जातात. मातीचा थर जाड असेल तर माती बरंच काम करते. आपल्याकडे वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा खडक. पाणी त्या भेगांतून गाळलं न जाता उतरत जातं.

तंबूंसाठी सर्वांत बरी सोय म्हणजे ठरलेल्या रेषेच्या वर, दोन-तीन कॅम्प मिळून एक सामायिक संडास-न्हाणीघर आणि त्याला तळ बंद असलेली, न गळणारी टाकी. टाकी भरली की मैला उपसणारी गाडी बोलवायची. एकट्या गावाला गाडी परवडत नाही, सगळ्या गावांनी मिळून ठेका दिला तर परवडते. वित्त आयोगाच्या निधीतला स्वच्छतेसाठी राखून ठेवलेला भाग प्रत्येक गावाला थोडा थोडा यात घालता येईल का, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून तपासून घ्या आणि तसं काम गावाच्या विकास आराखड्यात धरा.

पण गाडी ठरवण्याआधी एक प्रश्न विचारा: ही गाडी रिकामी कुठं होणार? याचं उत्तर नसेल तर गाडीवाला पहिल्या वळणावरच्या ओढ्यात ती रिकामी करणार आणि तुम्ही पैसे देऊन घाण एका जागेवरून दुसऱ्या जागी नेलेली असेल. जवळच्या नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या प्रक्रिया केंद्राशी आधी लेखी बोलणं करा. प्रत्येक खेपेची तिथली पावती आल्याशिवाय गाडीवाल्याचं बिल द्यायचं नाही.

खर्चाचा भार एकट्या गावांनी का उचलायचा? हे पाणी खालचं शहर पितं. न्यूयॉर्क शहराचं बहुतांश पाणी कॅट्सकिलच्या डोंगरांतल्या जलाशयांतून येतं. १९९७ साली शहरानं तिथल्या गावांशी करार केला आणि वरच्या घरांच्या नादुरुस्त सेप्टिक टाक्या दुरुस्त करण्यासाठी शहराच्या तिजोरीतून पैसे दिले. शहराला हा खर्च पाणी गाळण्याचा प्रचंड प्रकल्प उभारण्यापेक्षा स्वस्त पडला. पवनेच्या काठावरच्या गावांनी एकत्र येऊन पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे असाच प्रस्ताव ठेवायला हरकत नाही. तो एका गावाच्या नावानं गेला तर फाईलमध्ये पडून राहील. सगळ्या ग्रामसभांचा ठराव, काठाचा नकाशा आणि टाक्यांची यादी जोडून गेला तर त्यावर चर्चा करावी लागेल.

नियम कुणाच्या मानेवर पडतो

नियम करताना एक अन्याय नकळत होतो. गावातल्या पोरानं वडिलोपार्जित तुकड्यावर लावलेले सहा तंबू उघड्यावर दिसतात, त्यांच्यावर कारवाई करणं सोपं. उंच भिंतीआडचा बंगला, त्याचा पोहण्याचा हौद, लॉनला मारलेलं खत आणि सिमेंटचा उतार दिसत नाही. कारवाईची गाडी आली की तंबू उठतात आणि बंगला राहतो. असं दोनदा झालं की गावातला माणूस नियमांवरचा विश्वास गमावतो, आणि त्याचं बरोबर असतं.

माझ्या मते तंबू हा जलाशयाला बंगल्यापेक्षा कमी धोक्याचा आहे. तंबू उचलता येतो, चूक सुधारता येते. सिमेंट एकदा उतरलं की तिथली माती पुन्हा पाणी धरत नाही. तेव्हा नियमांत आकाराप्रमाणे फरक करा. स्थानिक कुटुंबाचे थोडे तंबू किंवा घरगुती राहण्याची सोय असेल तर सामायिक संडास, कचरा आणि आवाजाचे नियम पुरेत. त्यापुढच्या प्रत्येकाला स्वतःची सांडपाणी प्रक्रिया, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि पावसाचं पाणी आपल्या जागेतच मुरवण्याची व्यवस्था सक्तीची. पाणी मोठ्याचं जास्त वाहतं, अटी त्याच्यावर जास्त. विस्थापित कुटुंबांना कॅम्प, नौकाविहार, पार्किंग यांच्या परवान्यांत पहिला मान द्या आणि ते ठरावात स्पष्ट लिहा.

जिथं पाणी ओसरल्यावर गाळपेर होते तिथल्या शेतकऱ्यांशीही बोला. गाळपेरीच्या जमिनीत टाकलेलं खत आणि फवारलेलं औषध पुढच्या पावसाळ्यात थेट पाण्यातच जातं. ही जमीन गाळामुळे मुळातच कसदार असते, तिथं शेणखतावर कडधान्य चांगलं येतं. रासायनिक खत न वापरण्याची अट सगळ्या गावांनी सारखी ठेवली तर एकाच गावाच्या शेतकऱ्याला तोटा झाल्यासारखं वाटणार नाही.

आवाज, कचरा आणि दारूच्या बाटल्या यांवर फार लिहीत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद हा देशाचाच नियम आहे, तो सगळ्या कॅम्पवर एकाच वेळी लागू झाला तर कुणाचं गिऱ्हाईक पळत नाही. पाण्यात उतरण्याचा नियम मात्र कडक हवा. पवनेत पर्यटक बुडून मरण्याच्या घटना पुन्हा पुन्हा होतात, आणि पाण्यात शोध घ्यायला शेवटी गावातलीच माणसं उतरतात. कुठल्या जागी पाण्यात पाय टाकायलाही मनाई, हे मच्छीमारांना विचारून नकाशावर लाल रंगात दाखवा. नोंदणी नसलेली बोट आणि लाइफ जॅकेट न घातलेला प्रवासी कुठल्याच गावाच्या काठावरून सुटता कामा नये.

पाणी कसं आहे ते स्वतः मोजा

नियम पाळले जातात की नाही यावर भांडत बसण्यापेक्षा पाणी काय सांगतं ते बघावं. वीस सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी घ्या. तिचे चार भाग करून समोरासमोरचे काळे आणि पांढरे रंगवा, खाली वजन बांधा, वर खुणा केलेली दोरी. होडीच्या सावलीच्या बाजूला ती पाण्यात सोडत जायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरची खोली वाचायची. हिला सेक्की तबकडी म्हणतात. अमेरिकेतल्या टाहो तळ्यात १९६८ पासून शास्त्रज्ञ याच साधनानं पाण्याची पारदर्शकता मोजत आले आणि पाणी गढूळ होत चालल्याचं त्या आकड्यांतूनच लोकांसमोर आलं. आपल्याकडे गावच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांकडून, मच्छीमारांच्या होडीतून, महिन्यातून एकदा दुपारी, ठरलेल्या तीन-चार जागी हे सहज होईल. पावसाळ्यात गाळामुळे आकडा पडणारच, तेव्हा तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची.

पारदर्शकतेनं जंतू कळत नाहीत. त्यासाठी जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचं प्रशिक्षण देण्याची योजना आहे. तो संच तुमच्या गावात कुलपात पडून आहे का बघा. कॅम्पच्या खालच्या बाजूला, ओढ्याच्या मुखाशी आणि पाणी उचलायच्या विहिरीजवळ असे नमुने घ्या. आकडे एका फलकावर सगळ्या ग्रामपंचायतींच्या बाहेर लावा. वाईट आलेला आकडा दडवू नका. एकदा दडवलात की पुढचा चांगला आकडाही कुणी खरा धरणार नाही.

पाच वर्षांनी काय

सरपंच बदलतो, सोबत ठरावाची आठवणही जाते. हिवरे बाजारच्या ग्रामसभेनं शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचा नियम केला आणि तो टिकवला, पण तो एका गावाच्या हद्दीतला होता, रोज एकमेकांचं तोंड बघणाऱ्या माणसांचा. जलाशयाच्या दोन टोकांवरची गावं एकमेकांना महिनोन्‌महिने भेटत नाहीत. म्हणून समितीची बैठक दर तीन महिन्यांनी, तारीख आधीच ठरलेली, अर्ज आलेला असो वा नसो. निवडणुकीनंतर नव्या सदस्यांना घेऊन पुन्हा एकदा काठ चालायचा आणि जुना ठराव नव्या ग्रामसभेत वाचून कायम करायचा. नियम ठरवताना मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेसारखी सर्वसहमती धरा, वेळ लागला तरी लागू द्या. रोजच्या अर्जांसाठी मात्र बहुमत पुरे, नाहीतर काम अडेल. कुणाला सवलत द्यायचीच झाली तर तिचं कारण लिहून सगळ्या ग्रामसभांत वाचून दाखवायचं. एवढं उघडं करावं लागतं म्हटल्यावर सवलती आपोआप कमी होतात.

काठावर जमीन घेऊ पाहणाऱ्या पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही चार शब्द. दलालानं दाखवलेल्या फोटोतल्या पाण्यावर जाऊ नका. सातबारा, फेरफार, झोन दाखला, पूर्ण संचय पातळी आणि संपादनाची हद्द, जलसंपदा विभागाचं म्हणणं, रस्त्याचा हक्क, एवढे कागद हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. त्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन काठाचा ठराव झालाय का विचारा. झाला असेल तर तो वाचा आणि आपलं घर त्यात बसतं का ते बघा.

गावांनी सुरुवात करायची झाली तर भरलेल्या धरणाची वेळ सोडू नये. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काठ चालून होतो, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत समितीची नावं ठरतात, दिवाळीनंतर नकाशा आणि नियमांवर बैठका होतात आणि २६ जानेवारीला सगळ्या गावांत एकाच दिवशी ठराव मांडता येतो. ग्रामसभेची विषयपत्रिका सात दिवस आधी फलकावर लागते. म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विषय लेखी देऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून पोच घ्यावी आणि तिची एक प्रत शेजारच्या गावालाही द्यावी.